रंगभवन ते वाकेन : नव्या रॉक बँडांचा मंच

रॉक, पंक आणि मेटल ही एकाच कुळातली तीन संगीतरूपे आहेत. तिन्हींचा वाद्यमेळ जवळपास सारखा असतो : विजेवर चालणारी एक किंवा दोन गिटार, बेस गिटार, ड्रमचा संच आणि गायक. तीन ते पाच जणांच्या या संघाला बँड म्हणतात. बँड आपली गाणी स्वतः रचतो, स्वतःच वाजवतो आणि शक्य तितक्या वेळा लोकांसमोर सादर करतो. ध्वनिमुद्रण घरच्या संगणकावरही होते, पण बँडची खरी पारख प्रत्यक्ष मंचावर होते. म्हणून या संगीताचा इतिहास बराचसा त्याच्या महोत्सवांचा इतिहास आहे. महाराष्ट्रात तो पन्नास वर्षांहून जुना आहे.

तीन रूपे

रॉक १९५० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातून वाढले. त्यातून मेटल निघाले ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात. तिथल्या ब्लॅक सबाथ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात हाच होता. त्याने बोटांना टोपणे बसवली आणि पुढे बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून तारा सैल लावल्या. तारा सैल झाल्या की स्वर खाली उतरतो आणि नाद जड होतो. मेटलचा तो ओळखीचा जडपणा या अपघातातून आला.

मेटलच्या गिटारवादनाचा पाया म्हणजे पॉवर कॉर्ड. त्यात प्रामुख्याने दोन स्वर एकत्र वाजतात, षड्ज आणि पंचम. गंधार नसल्यामुळे हा मेळ हसराही वाटत नाही आणि उदासही नाही; तो फक्त भरदार वाटतो. अँप्लिफायरमधून आवाज मुद्दाम फाटू दिला तरी ही जोडी स्वच्छ ऐकू येते. ड्रमवादक दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो, त्यामुळे ठेका अतिशय जलद चालू शकतो. मेटलच्या काही शाखांत गायक घोगऱ्या गर्जनेच्या आवाजात गातो. त्यासाठी स्वरतंतूंच्या वरच्या पडद्यांचा वापर शिकावा लागतो. नुसते ओरडले तर गळा बसतो.

पंक १९७० च्या दशकाच्या मध्याला पुढे आले. न्यूयॉर्कचा रामोन्स आणि लंडनचा सेक्स पिस्टल्स हे त्याचे पहिले ठळक बँड. गाणे दोन-अडीच मिनिटांचे, कॉर्ड तीन-चार, शब्द थेट आणि रागाचे. वाद्य फार येत नसले तरी सांगण्यासारखे काही असेल तर मंचावर यावे, ही पंकची धारणा. नवशिक्या बँडांना तिने मोठे बळ दिले.

महाराष्ट्रातली सुरुवात

इंपीरियल टोबॅको कंपनीने सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी सिमला बीट ही बँडांची स्पर्धा सुरू केली. तिच्यात निवडलेल्या बँडांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ मध्ये निघाल्या. १९७१ मध्येच लोणावळ्याजवळ मळवलीला स्नेह यात्रा हा उघड्या मैदानावरचा संगीतमेळा भरला.

या पिढीतले मराठी वाचकांच्या ओळखीचे नाव म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे या रंगकर्मी दाम्पत्याचा हा मुलगा सॅव्हेज एन्काउंटर आणि व्हेल्व्हेट फॉग या बँडांत गात असे. अलेक पदमसी यांनी बसवलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या इंग्रजी रॉक-संगीतिकेत त्यांनी ज्यूडासची भूमिका केली. पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'शीही त्यांचे नाव जोडलेले आहे. रॉक आणि मराठी रंगभूमी यांच्यामध्ये त्यांनी बांधलेला हा पूल पुढे फार थोड्यांनी वापरला. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

रंगभवन आणि इंडिपेंडन्स रॉक

मुंबईत धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी, रंगभवन हे खुले नाट्यगृह आहे. १९७८ मध्ये सुरू झालेली जॅझ यात्रा इथेच भरत असे. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू केला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, भर पावसाळ्यात भरणारा हा महोत्सव 'आय-रॉक' या छोट्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि देशभरच्या बँडांचे स्वप्न बनला. तिकीट परवडणारे होते, श्रोते बहुतेक महाविद्यालयीन होते आणि नामांकित बँडांच्या आधी नवख्यांनाही वाजवायला मिळे.

त्या काळी बहुतेक बँड परदेशी गाणीच हुबेहूब वाजवत. श्रोत्यांचीही तीच मागणी असे. १९८४ मध्ये मुंबईत उभा राहिलेला रॉक मशीन हा बँड या सवयीतून बाहेर पडला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि त्यांच्या साथीदारांचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम १९८८ मध्ये आला. १९९३ मध्ये बँडने इंडस क्रीड हे नाव घेतले. पुढे विशाल ददलानी यांचा पेंटाग्राम हा मुंबईचा बँड २००५ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवापर्यंत पोचला. नकलेकडून निर्मितीकडे झालेला हा प्रवास या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना आहे.

रंगभवनचा शेवट मात्र आवाजाच्या नियमाने झाला. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र मानले गेले. महाविद्यालय आणि रुग्णालये यांच्यामध्ये उभ्या असलेल्या रंगभवनात मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. महोत्सव इतर मैदानांवर हलला, नंतर काही वर्षे थांबला आणि २०२२ मध्ये मुंबईत पुन्हा भरला. नियम योग्यच होता, कारण रुग्णाला झोप मिळणे गाण्यापेक्षा मोठे आहे. पण बंद झालेल्या मंचाच्या बदल्यात दुसरा स्वस्त, सार्वजनिक मंच शहराला मिळाला नाही, आणि त्याची झळ नव्या बँडांनाच सर्वाधिक बसली.

मेटलची लाट आणि पुण्याचा महोत्सव

मंच आटत असतानाच मुंबईत मेटलची नवी लाट आली. साहिल मखिजा यांनी २००० मध्ये डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड काढला. मंच मिळत नाही म्हणून ते स्वतःच महोत्सव भरवू लागले आणि बँडांच्या प्रकाशनासाठी त्यांनी कंपनीही काढली. या बँडचा 'दशावतार' हा २०१७ चा अल्बम विष्णूच्या अवतारांवर रचलेला आहे. २००३ मध्ये भयानक मौत आला. पाठोपाठ स्क्राइब, झिग्नेमा, गटस्लिट हे बँड पुढे आले. पंकच्या बाजूला द रायट पेडलर्स आणि द लाइटइयर्स एक्सप्लोड ही मुंबईचीच नावे.

याच काळात आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो या सांस्कृतिक महोत्सवातली लाइव्हवायर ही स्पर्धा महाविद्यालयीन बँडांची पहिली पायरी होती. डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात कोरेगाव पार्क भागात एनएच सेव्हन वीकेंडर सुरू झाला. एकाच मैदानात अनेक मंच आणि प्रत्येक मंचावर वेगळ्या जातीचे संगीत, अशी त्याची रचना होती. २०१५ मध्ये याच महोत्सवात अमेरिकेचा मेगाडेथ हा बँड वाजला. जगप्रसिद्ध बँड आणि कालपरवा उभा राहिलेला बँड एकाच मैदानात, ही अशा महोत्सवांची खरी किमया.

नव्या बँडचा महोत्सवातला दिवस

नव्या बँडला बहुधा दुपारची वेळ मिळते. ऊन असते, श्रोते थोडे असतात आणि हातात अर्ध्या-पाऊण तासाचा सेट असतो. आयोजकांना आधीच यादी पाठवावी लागते : किती माइक, किती अँप्लिफायर, मंचावर कोण कुठे उभा राहणार. ड्रमचा संच आणि मोठे अँप्लिफायर बहुधा महोत्सवाचेच असतात. बँड आपापली गिटार, पेडल आणि झांजा घेऊन येतो. साउंडचेकमध्ये एकेका वाद्याचा आवाज स्वतंत्र तपासला जातो. प्रेक्षकांकडे जाणारा आवाज समोरच्या मिक्सरवरून ठरतो, तर वादकांना स्वतःचे ऐकू यावे म्हणून पायाशी मॉनिटर ठेवलेले असतात. मॉनिटर नीट नसेल तर गायक बेसूर होतो आणि ठेका सुटतो. नव्या बँडांची फजिती बहुतेक वेळा इथेच होते. वादन कच्चे असण्यापेक्षा तयारी कच्ची असणे महागात पडते.

मंचासमोर श्रोत्यांची जी धक्काबुक्की दिसते तिला मॉश पिट म्हणतात. बाहेरून ती मारामारी वाटते, पण तिचा अलिखित नियम कडक आहे : कुणी पडला की आजूबाजूच्यांनी त्याला लगेच उचलायचे. कानांची काळजीही तितकीच गरजेची. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास सोसवतो असे मानले, तर त्यावर दर तीन डेसिबलला हा काळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. वादकाने आणि श्रोत्याने कानात बोळे घालणे हा भित्रेपणा नाही. तीस वर्षे संगीत ऐकायचे असेल तर तो उपाय आहे.

आपली भाषा, आपला ताल

इंग्रजीत गाणारे बँड मोजक्याच श्रोत्यांपर्यंत पोचतात, ही या चळवळीची जुनी मर्यादा. ती आता सैल होत आहे. मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड संतांचे अभंग रॉकच्या वाद्यमेळावर गातो. दिल्लीच्या ब्लडीवुडने मेटलमध्ये ढोल आणला, हिंदी-पंजाबी शब्द आणले आणि २०१९ मध्ये जर्मनीचा वाकेन महोत्सव गाठला. परदेशी श्रोत्याला त्यांच्यातले जे आवडले ते नेमके इथले होते.

भंडारा जिल्ह्यात मातीतल्या कलेचे हे बळ समजायला फार लांब जावे लागत नाही. दिवाळीत भाऊबीजेपासून गावोगावी मंडई ही जत्रा भरते. दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्ये होतात, रात्रभर नाटक चालते, आणि थंडीत पहाटेपर्यंत लोक बसून राहतात. तयार श्रोता, मोकळे मैदान, मंच उभारणारे हात आणि कलावंतांच्या जेवणाची सोय करणारे गाव : महोत्सवाला जे लागते ते झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, पिढ्यान्‌पिढ्या आहे. महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि गणेशोत्सव हेही तयार मंच आहेत. दंडारीचा ठेका आणि इथल्या झाडीबोलीचे शब्द गिटारीबरोबर आले, तर ते मुंबईच्या बँडालाही नवे वाटेल. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि सणासुदीच्या मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. म्हणून अशा बँडांना संध्याकाळची वेळ द्यावी. जिल्ह्यातल्या आयोजकांनी निदान अर्धा तास राखून ठेवावा, आणि त्यात स्वतःचीच गाणी वाजवायची एवढी एक अट घालावी.

ते वाकेनही उत्तर जर्मनीतले सुमारे दोन हजार वस्तीचे शेतीचे खेडेच आहे. डेमॉनिक रिझरेक्शन तिथे २०१२ मध्ये वाजून आला. आज तिथल्या महोत्सवाला सुमारे ८५ हजार श्रोते येतात. १९९० मध्ये तो पहिल्यांदा भरला तेव्हा बँड सहा होते आणि श्रोते सुमारे आठशे.