लोणच्यावर तेल, पीटवर पाणी

लोणच्यावर तेलाचा थर बोटभर हवा. फोड उघडी पडली की बुरशी धरलीच. पीटच्या जमिनीचंही असंच आहे, फक्त तिथे तेलाचं काम पाणी करतं.

शाळेच्या भूगोलात पीट भेटतं ते कोळशाची पहिली पायरी म्हणून. दलदलीत शेवाळ मरतं. पाण्याखाली हवा नाही, म्हणून ते पुरतं कुजत नाही. असे थर साचायला हजारो वर्षं लागतात. जगातली जेमतेम ३ टक्के जमीन पीटची, पण सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन तिच्या पोटात आहे.

हे पाणी काढलं तर काय होतं? पूर्व इंग्लंडात होम फेन इथे १८५१ मध्ये, शेजारचं तळं उपसलं तेव्हा, एक लोखंडी खांब माथ्यापर्यंत पुरला. आज तो सुमारे ४ मीटर उघडा आहे. खांब तिथेच आहे, जमीन खाली गेली! आधी पीट नुसतं दबलं. मग हवा शिरली, जिवाणूंनी ते खाल्लं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडाला.

स्कॉटलंडच्या फ्लो कंट्रीत हेच झाडांपायी झालं. करसवलतीच्या लोभाने १९८०च्या दशकात तिथे चर खणून सूचिपर्णी लावले. आता तीच झाडं तोडून चर बुजवताहेत. झाडं तोडून हवामान वाचवायचं, हे पचायला जरा जड जातं खरं.

पीटवरच्या शेतात मात्र सगळा हिशेब सेंटिमीटरचा. खोल उतरलेलं भूजल १० सेंटिमीटर वर आणलं, तर हेक्टरी वर्षाला निदान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन घटतं. पण शेत पार बुडवलं तर मिथेन सुटतो. म्हणून पाणी पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवलेलं बरं. लेट्यूससारख्या पिकाच्या मुळांना एवढी ओल सोसत नाही. तिथे निदान हिवाळ्यात, रान मोकळं असताना, पाणी चढू द्यायचं. नाहीतर ओल्यातच वाढणारं पाणकणीस लावायचं. त्याचा कापूस जॅकेटात भरतात.

अडतं ते बांधावर. होम फेनच्या भागातली बरीचशी शेतं समुद्रसपाटीच्या खाली, पंपांवर कोरडी ठेवलेली. एकाने पाणी वर घेतलं की शेजाऱ्याचे बटाटे ओले होतात. त्यामुळे पाण्याची पातळी ठरवायला आधी आख्खी आळी एकत्र बसावी लागते.