आडवं झालं की थांबतं, म्हणून सोंग?

"कामाच्या वेळेलाच बरं हिचं डोकं दुखतं!" कर्जतच्या गावागावांत, ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत तर हमखास, हे वाक्य कानावर येतं. उठून चुलीपुढे बसली की कपाळ धरते, आडवी झाली की थोड्या वेळात नीट बोलायला लागते. म्हणजे सोंगच, असा घरच्यांचा हिशेब. तो साफ चुकीचा आहे आणि ऐकून संताप येतो. कारण ज्या लक्षणावरून आजार ओळखायचा, तेच लक्षण त्या बाईच्या अंगावर पुरावा म्हणून फेकलं जातं.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. मोठ्या माणसात तो साधारण १५० मिलिलिटर. दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवा तयार होतो, जुना रक्तात शोषला जातो. मेंदू त्यात तरंगत असतो. पाठीच्या कण्यात या द्रवाच्या आवरणाला चीर पडली की द्रव झिरपतो आणि मेंदूचा आधार कमी होतो. उभं राहिल्यावर मेंदू खाली ओढला जातो, आवरणांवर ताण येतो, शिरा फुगतात, डोकं ठणकतं. आडवं झाल्यावर ही ओढ सुटते. सोबत मान दुखणं, मळमळ, कानात दडे बसल्यासारखं वाटणं हेही असतं. यात सोंग कुठे आलं?

"पण तिनं पाठीत सुई कधी घेतलीच नाही!" अशी चीर पडायला सुई लागतच नाही. जर्मन डॉक्टर शाल्टेनब्रांड यांनी सुईविना उद्भवणाऱ्या या त्रासाचं वर्णन १९३८ सालीच केलं होतं. मणक्यावर वाढलेलं हाडाचं टोक आवरणाला टोचतं, किंवा मज्जातंतूच्या मुळाशी पातळ पडलेलं आवरण फाटतं, किंवा द्रव सरळ शिरेत वाहू लागतो. हा शेवटचा प्रकार तर २०१४ मध्ये नोंदवला गेला. ओझं उचलणं किंवा जोराचा खोकला निमित्त ठरतो. पुष्कळदा निमित्तही सापडत नाही. परदेशी अभ्यासांचा अंदाज वर्षाला लाखात चार-पाच नवे रुग्ण असा आहे. कर्जत तालुक्याची वस्ती दोन लाखांवर. हाच हिशेब लावला तर इथेही दरवर्षी आठ-दहा माणसं निघतील. त्यात पुरुषही असतात, पण बायका जास्त, तेही चाळिशीच्या आसपास. ती कुठल्या घरात, कोणते टोमणे खात पडून आहेत?

"एमआरआय नॉर्मल आला, मग मनाचंच आहे." नाही. २०२१ मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी'त आलेल्या आढाव्यात अशा रुग्णांपैकी पाचातल्या जवळपास एकाचा मेंदूचा एमआरआय नॉर्मल होता.

बाकीचे समज थोडक्यात. उलटी झाली म्हणजे पित्तच, असं नाही. भरपूर पाणी प्यायल्याने चीर बुजत नाही. चहा-कॉफीने आराम पडतो, पण तेवढ्यापुरताच. सिझरच्या वेळी पाठीत दिलेल्या सुईनंतरची डोकेदुखी बहुधा पहिल्या पाच दिवसांतच सुरू होते. दहा वर्षांनी उठलेल्या दुखण्याचं खापर त्या सुईवर फोडू नका.

उपाय आहेत. काही जण नुसत्या विश्रांतीने बरे होतात. नाही झाले तर रुग्णाच्याच हातातून रक्त काढून ते पाठीत, आवरणाच्या बाहेरच्या बाजूला सोडतात. त्याला ब्लड पॅच म्हणतात. वरच्याच आढाव्यात पहिल्या खेपेलाच त्याचा गुण सुमारे ६४ टक्के रुग्णांना आला होता. काहींना शस्त्रक्रिया लागते.

उभं राहिल्यावर दुखणारं प्रत्येक डोकं गळतीचंच असतं असं नाही. मानेचे आणि नाडीचे विकारही असं वागतात. म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाण्याआधी चार दिवस वहीत लिहून ठेवा: उठल्यावर किती मिनिटांत दुखायला लागलं, आडवं झाल्यावर किती मिनिटांत थांबलं. "डोकं दुखतंय" एवढ्यावर डॉक्टरांना जे कळणार नाही, ते या दोन आकड्यांवरून कळू शकतं. मात्र आडवं झाल्यावर दुखायचं थांबणारं डोकं पडूनही दुखायला लागलं, झापड येऊ लागली किंवा हातपाय लुळे पडले, तर मेंदूवर रक्त साचलेलं असू शकतं. तेव्हा वही बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.