मृण्मय सेनेच्या दर्शनाला जाताना

वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे उभी राहतात. मूर्ती, नाणी, ताम्रपट मूळ जागेहून उचलून, झाडूनपुसून, चिठ्ठ्या लावून त्यांत मांडलेले असतात. त्या वस्तू कोणत्या मातीतून निघाल्या, कशा पडल्या होत्या, त्यांच्या शेजारी काय होते, हे पाहण्याची सोय तेथे सहसा नसते. चीनच्या शेन्शी प्रांतात शीआन शहराच्या पूर्वेला पस्तीस-चाळीस किलोमीटरांवर लिन्टोंग येथे जे संग्रहालय आहे, त्याची रीत याहून निराळी. तेथे वस्तू इमारतीत आणलेल्या नाहीत. इमारतच वस्तूंवर नेऊन उभी केली आहे. उत्खननाचा खड्डा जसाच्या तसा ठेवून त्यावर विशाल छप्पर घातले आणि कडेने लोकांना फिरण्यासाठी कठडे बांधले, एवढीच काय ती रचना. छिन शी ह्वांग या सम्राटाच्या मृण्मय सेनेचे हे संग्रहालय १ ऑक्टोबर १९७९ रोजी लोकांस खुले झाले. जगाच्या कानाकोपऱ्यातून लोक तेथे जातात, आणि त्यांतील पुष्कळसे अर्ध्या तासात कंटाळून बाहेर पडतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दोष मातीचा नव्हे. माती आपण होऊन बोलत नाही, आणि तिला बोलते करावयाचे तर आधी थोडी तयारी लागते.

प्रथम सम्राटाविषयी. इ. स. पू. २५९ मध्ये जन्मलेला हा पुरुष तेराव्या वर्षी छिन राज्याच्या गादीवर बसला. इ. स. पू. २२१ पर्यंत त्याने शेजारची सहा राज्ये एकामागून एक जिंकली आणि चीनचा तो पहिला सम्राट झाला. लिपी, वजने, मापे, गाड्यांच्या आसांची लांबी, सारे त्याने एका ठशाचे केले. ‘चीन’ हे नाव या छिन राज्यावरूनच रूढ झाले असे पुष्कळ विद्वान मानतात. काळाचा अंदाज आपल्या इतिहासावरून घ्यावयाचा, तर ज्याच्या आज्ञेचा तुकडा आपल्या सोपाऱ्यास सापडला त्या अशोकाची राजवट इ. स. पू. २३२ च्या सुमारास संपली. त्या वेळी हा छिन राजा सत्तावीस वर्षांचा होता. एकाने कलिंगाचे युद्ध जिंकून पश्चात्ताप दगडावर कोरला, दुसऱ्याने युद्धे जिंकून मृत्यूनंतरच्या युद्धांसाठी सैन्य घडविले. इ. स. पू. २१० मध्ये तो वारला. पुढे सुमारे शंभर वर्षांनी सुमा छिएन या इतिहासकाराने त्याच्या समाधीचे वर्णन लिहिले. सात लक्ष माणसे कामाला लावली होती, भूगर्भात पाऱ्याच्या नद्या वाहत्या केल्या होत्या, आत शिरणाऱ्यावर आपोआप सुटणारे बाण बसविले होते, असे तो सांगतो. मातीच्या सेनेचा मात्र त्याने अवाक्षराने उल्लेख केलेला नाही. दोन हजार वर्षे या सेनेची कोणास कल्पना नव्हती ती त्यामुळेच.

१९७४ च्या मार्च महिन्यात त्या भागात अवर्षण होते. शीयांग नावाच्या खेड्यातील शेतकरी विहीर खणीत असता भाजलेल्या मातीचे अवयव आणि कांस्याचे बाणाग्र वर येऊ लागले. लिन्टोंगच्या लहानशा संग्रहालयाचे झाओ कांगमिन यांनी ते तुकडे गोळा करवून, धुऊन, जुळवून त्यांतून योद्धे उभे केले. तो सांस्कृतिक क्रांतीचा काळ होता. जुन्या वस्तू फोडणारांची चलती होती. म्हणून त्यांनी या शोधाची वाच्यता केली नाही. एका पत्रकाराच्या दृष्टीस ते योद्धे पडले, त्याने वर सरकारात कळविले, आणि त्याच उन्हाळ्यात पद्धतशीर उत्खनन सुरू झाले. ती विहीर जेथे होती ती जागा पहिल्या खड्ड्यात आजही पाटी लावून दाखविलेली आहे. विहिरीची जागा जराशी चुकली असती तर ती खड्ड्याच्या कडेबाहेर पडली असती. प्रवाशाने ही पाटी चुकवू नये.

आता तिकिटाचे. चीनमधील मोठ्या संग्रहालयांत हल्ली आयत्या वेळी खिडकीशी जाऊन उभे राहण्याची पद्धत जवळजवळ उरलेली नाही. तिकीट आगाऊ, ठरावीक दिवसाचे, स्वतःच्या नावाने घ्यावे लागते. परदेशी माणसाला त्यासाठी पारपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, आणि दाराशी ते पारपत्र दाखवावे लागते. या संग्रहालयाचे तिकीट २०२४ साली १२० युआनांचे होते. दिवसाला किती लोक आत सोडावयाचे याला मर्यादा असल्यामुळे १ मे आणि १ ऑक्टोबर या राष्ट्रीय सुट्ट्यांच्या आठवड्यांत तिकीट मिळणे दुर्घट होते. चिनी लोकही त्या दिवसांत सहकुटुंब याच वाटेला लागतात. तेव्हा आपल्या मंडळींनी ते दिवस टाळावेत हे उत्तम. याच तिकिटात समाधीच्या टेकडीभोवतीचे उद्यान आणि तेथे नेणारी गाडी यांचाही समावेश असतो. ही गोष्ट कित्येकांना ठाऊकच नसते, आणि खड्डे पाहून झाले की ते शीआनची वाट धरतात. माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक होय. तिचे कारण पुढे येईलच.

मार्गदर्शक घ्यावा की नाही? घ्यावा, परंतु संग्रहालयाने नेमलेला घ्यावा. ते ठरावीक दराने मिळतात आणि त्यांत इंग्रजी बोलणारेही असतात. वाहनतळापासून पाठीशी लागणारे स्वयंसिद्ध वाटाडे बहुधा मूर्तींच्या प्रतिकृती विकणाऱ्या दुकानाकडेच अधिक तत्परतेने नेतात. चांगल्या मार्गदर्शकाची पारख एका प्रश्नावर होते: ‘येथे उभे असलेले सैनिक असेच उभे सापडले काय?’ जो ‘होय’ म्हणेल त्याचा नाद सोडावा.

कारण ते तसे सापडले नाहीत. पहिला खड्डा २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद आहे. त्यात मातीच्या जाड भिंतींनी पाडलेल्या अकरा लांब वाटा असून त्यांत सैनिक चारचार ओळींनी, मुखे पूर्वेला करून उभे केले होते. भिंतींवर लाकडाच्या तुळया, तुळयांवर चटया, त्यांवर मातीचा थर असे छत होते. सम्राटाच्या मृत्यूनंतर चारपाच वर्षांतच त्याचे राज्य बुडाले. त्या धुमाळीत हे छत पेटले असावे, जळक्या लाकडांच्या खुणा आजही दिसतात. छत कोसळले आणि त्याखाली सैन्याचा चुरा झाला. आज पुढच्या भागात जे सैनिक शिस्तीने उभे दिसतात, त्यांतील एकेक शेकडो तुकड्यांतून जुळविलेला आहे. एका मूर्तीला महिनेच्या महिने लागतात. पहिल्या खड्ड्यात सुमारे सहा हजार मूर्ती असाव्यात असा अंदाज आहे; त्यांपैकी जुळवून उभ्या केलेल्या हजाराहून काहीशा अधिक. प्रवासी पुढच्या कठड्याशी गर्दी करतात, छायाचित्र घेतात आणि परततात. खरी मौज खड्ड्याच्या मागील टोकाला आहे. तेथे दुरुस्तीचे काम चालते. धड आहे तर शिर नाही, हात आहेत तर बोटे नाहीत, अंगावर क्रमांकाच्या चिठ्ठ्या, असे सैनिक जखमींच्या तळावर असावेत तसे उभे असतात. पुरातत्त्व म्हणजे काय, हे पुढच्या हजार सैनिकांपेक्षा मागचे ते वीसपंचवीस अधिक चांगले शिकवितात.

या मूर्ती घडविल्या कशा? पाय भरीव, धड पोकळ, मातीच्या वळ्या एकावर एक रचून केलेले. शिर वेगळे करून बसविलेले. चेहऱ्याचा ढोबळ आकार साच्यातून काढून नंतर नाक, मिशा, भुवया, केसांचे पेड हातांनी कोरीत. म्हणून प्रत्येक चेहरा निराळा वाटतो. घडविणाऱ्याने आपले नाव मूर्तीवर उमटवावे असा नियम होता, आणि अशी ऐंशीहून अधिक नावे वाचली गेली आहेत. आपल्याला हा कलावंताचा सन्मान वाटेल. पण हेतू तो नव्हता. काम निकृष्ट निघाले तर शिक्षा कोणास करावयाची ते कळावे, म्हणून ही नावे. सम्राटाच्या दरबारी वर्तनाविषयी ग्रंथकारांनी पुष्कळ लिहिले आहे, परंतु त्याच्या राज्यकारभाराची जात या एका नियमाने जशी उघड होते तशी त्या लेखनाने होत नाही.

दुसऱ्या खड्ड्यात घोडेस्वार, रथ आणि धनुर्धारी आहेत. त्याचा बराच भाग अद्याप छताच्या मोडक्या तुळयांखाली मुद्दाम तसाच ठेवला आहे. तिसरा लहान, केवळ ६८ मूर्तींचा. तो सेनानायकांचा तळ असावा. यांत वेळ फार घालवू नये, मात्र दुसऱ्या खड्ड्यातून काढलेला, एक गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी निवांतपणे पाहावा. उभ्या सैनिकांपेक्षा ठेंगणा असल्यामुळे छत कोसळताना हे बसलेले धनुर्धारी त्या मानाने बचावले. याच्या जोड्याच्या तळव्यावरील शिवण मोजता येते, आणि चिलखतावर मूळ रंगाचा मागमूस आहे.

रंगाची हकीगत अशी. ही सेना मातकट कधीच नव्हती. लाल, हिरवा, निळा, पांढरा, जांभळा अशा रंगांनी ती नटलेली होती. जांभळा रंग तर बेरियम आणि तांबे यांच्या संयुगाचा, भट्टीत तयार केलेला होता. मूर्तीवर आधी झाडाच्या चिकाचे रोगण देऊन त्यावर हे रंग चढवीत. दोन हजार वर्षे ते रोगण ओल्या मातीत टिकले. बाहेरची कोरडी हवा लागताच काही मिनिटांत ते वळून, सुटून पडू लागले आणि त्याच्यासह रंगही गेला. पहिल्या उत्खननात शेकडो मूर्तींचे रंग असे डोळ्यांदेखत नाहीसे झाले. १९९० च्या सुमारापासून जर्मनीतील बव्हेरियाच्या तज्ज्ञांच्या सहकार्याने यावर उपाय शोधले गेले. हल्ली रंगीत मूर्ती उघडी पडताच ती ओली ठेवून तिला टिकाऊ रसायनाचे लेप देतात. म्हणजे आज आपण जी करडी सेना पाहतो, तिचा करडेपणा छिन सम्राटाचा नसून आपल्या शतकाच्या घाईचा आहे.

शस्त्रांविषयीही एक प्रवाद ऐकू येईल. येथे कांस्याची शस्त्रे, बहुतांशी बाणाग्रे, चाळीस हजारांवर मिळाली आणि काही तलवारी अजून लखलखीत आहेत. प्राचीन चिन्यांना क्रोमियमचा मुलामा देण्याची विद्या अवगत होती, असे बरीच वर्षे छापले गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे खोडून काढले. शस्त्रांवरील क्रोमियम दांड्यांना आणि म्यानांना दिलेल्या रोगणातून आलेला होता, आणि शस्त्रे टिकली ती मुख्यतः तेथील मातीच्या गुणाने व धातूच्या मिश्रणामुळे. मार्गदर्शकाने जुनी कथा सांगितली तर वाद घालू नये, परंतु ती गावी येऊन आपणही सांगू नये.

खड्ड्यांकडून आता गाडीने टेकडीकडे यावे. अंतर दीड किलोमीटर. वाटेत, तळघरासारख्या नव्या दालनात, १९८० मध्ये सापडलेले कांस्याचे दोन रथ आहेत. खऱ्याच्या निम्म्या आकाराचे, चार घोड्यांचे, तीन तीन हजारांहून अधिक भागांनी जोडलेले ते रथ पाहून मातीच्या सेनेचा विसर पडतो. लगामाचा एकेक दुवा सोन्यारुप्याचा आहे.

आणि मग टेकडी. हिच्याखाली सम्राट निजला आहे, आणि ती कोणीही उघडलेली नाही. प्रवासी विचारतात: एवढे सामर्थ्य, एवढा पैसा असून चिनी लोक ही का खणीत नाहीत? उत्तर बीजिंगजवळ मिळते. १९५६ ते १९५८ या काळात तेथील डिंगलिंग ही मिंग वंशाच्या वानली सम्राटाची समाधी मोठ्या उत्साहाने उघडली गेली. आतील रेशमी वस्त्रांचे तागे हवा लागून काळवंडले, कडक झाले. ते जपण्याचे साधन हाताशी नव्हते. पुढे १९६६ मध्ये, क्रांतीच्या आवेशात, त्या सम्राटाची आणि त्याच्या दोन राण्यांची हाडे लोकांनी जाळून टाकली. तेव्हापासून राजसमाधी आपण होऊन उघडू नये असे तेथील धोरण आहे. छिन सम्राटाच्या टेकडीतील मातीची परीक्षा वरच्यावर झाली आहे, आणि तीत पाऱ्याचे प्रमाण आसपासच्या मातीहून पुष्कळच अधिक आढळले. सुमा छिएनच्या पाऱ्याच्या नद्या केवळ कविकल्पना नसाव्यात. परंतु त्या पाहण्यासाठी खाली जे रेशीम, लाकूड, रंग असतील त्यांची किंमत मोजावी काय, या प्रश्नाला खड्ड्यातील करडे सैनिक रोज उत्तर देत उभे आहेत.

टेकडीच्या पश्चिमेला कामगारांची दफनभूमी सापडली आहे. तेथील काही कवट्यांशेजारी छपराच्या कौलांचे तुकडे मिळाले. त्यांवर मृताचे नाव, गाव, आणि दंड भरता न आल्याने तो येथे कामास जुंपला गेला होता ही नोंद खरडलेली आहे. ज्या सात लक्ष माणसांचा इतिहासकाराने आकडा दिला, त्यांतील या मोजक्यांचीच नावे आपल्याला कळली आहेत. शहरातून येणाऱ्या बहुतेक फेऱ्यांत हा भाग दाखवीत नाहीत. मार्गदर्शकाकडे तेवढा आग्रह धरावा.

टेकडीवर आणि भोवताली डाळिंबाची झाडे आहेत. लिन्टोंगचे डाळिंब त्या मुलखात नावाजलेले. शरद ऋतूत उद्यानाबाहेर शेतकरी ती टोपल्यांत घेऊन बसतात, आणि परतीच्या गाडीला वेळ असला तर तेथेच फोडून खावयास मिळतात.