पातं जागेवर, मासा हातात

कन्हानच्या काठावरच्या खाप्यात मासा म्हटला की रोहू, कतला, नाहीतर मरळ. एक-दोन किलोचा हा गोड्या पाण्यातला मासा मासेमार ढिवरांच्या पावशीवर, म्हणजे विळीवर, झटपट कापला जातो, त्याला वेगळ्या हत्याराची गरज पडत नाही. समुद्राचा मोठा मासा मात्र मुंबईहून आठशेवर किलोमीटरचा प्रवास करून, बर्फात दडपून, नागपूरमार्गे इथे येतो. पाच-सहा किलोची सुरमई ओट्यावर आडवी ठेवली की भाजीची सुरी मणक्यापाशी अडते. जोर लावला की मांस चिरडतं, तुकडा वाकडा पडतो आणि सुरी निसटली तर बोट जातं. हे काम मुळात ताकदीचं नाहीच. त्याला स्वतःचं एक तंत्र आहे, आणि ते किनाऱ्यावरच्या कोळणींनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलं आहे.

मुंबईची ससून गोदी 1875 साली सुरू झाली. आजही पहाटे तिथे लिलाव होतात, टोपल्या भरतात आणि तोच मासा काही तासांत शहरातल्या बाजारांत कोळणींच्या विळीवर येतो. ही विळी नीट पाहावी. जाड फळीत रोवलेलं उभं, बाकदार पातं, फळी पायाखाली दाबलेली, धार कापणारीकडे. सुरीने कापताना मासा पडून असतो आणि पातं फिरतं. इथे पातं जागचं हलत नाही, मासा फिरतो. त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. बुळबुळीत आणि जड मासा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने सुरी चालवायची म्हणजे काय, हे ज्याने केलं आहे त्यालाच या दोन मोकळ्या हातांची किंमत कळेल. वर माशाचं वजन आपणहून पात्यावर दाब देतं. माझ्या मते मोठ्या माशासाठी घरगुती हत्यारांत याहून शहाणी रचना नाही.

सुरमई साफ करण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पर आणि शेपूट छाटायची. सुरमईचे खवले अगदी बारीक असतात, पात्याची बोथट बाजू शेपटीकडून डोक्याकडे हलकेच फिरवली तरी पुरते. मग कल्ल्याचं झाकण उचलून लाल कल्ले मुळासकट ओढून काढायचे. पोटाला चीर द्यायची ती खालच्या छिद्रापासून गळ्यापर्यंत, आणि तीही उथळ. पात्याचं टोक आत खोल शिरलं की पित्ताची पिशवी फुटते आणि आजूबाजूचं मांस कडू होतं. आतडी निघाली की पोटाच्या आत मणक्याला चिकटलेली काळपट लाल रेघ दिसते. ते रक्ताने भरलेलं मूत्रपिंड असतं. त्यावरचा पातळ पडदा टोकाने चिरून अंगठ्याने ते खरवडून काढायचं. घरी साफ केलेल्या सुरमईला उग्र वास येतो तो बहुतेक वेळा ही रेघ आत राहून गेल्यामुळे. मासा धुवायचा तो याच टप्प्यावर, अख्खा असताना. तुकडे केल्यावर पाण्यात बुडवून ठेवले की चव पाण्यात जाते.

आता मणका. पातं मणक्याच्या कड्यावर घातलं तर कितीही धार असो, अडणारच. दोन कड्यांमधला सांधा शोधायचा. सरावलेली कोळीण मासा किंचित वाकवते, बोटाने चाचपते आणि पातं नेमकं सांध्यात घालते. मोठ्या माशासाठी बाजारात जड कोयता आणि लाकडी ओंडका असतो. कोयता सांध्यावर टेकवून त्याच्या पाठीवर लाकडी दांडक्याचा एक ठोका. वरून हाणलेल्या घावाने हाडाचे कण तुकड्यात घुसतात, टेकवून ठोकलेल्या पात्याने सरळ काप पडतो.

मासा बदलला की सगळं बदलतं. रावसाचे खवले मोठे, ते आधीच खरवडून काढावे लागतात. मुशीला, म्हणजे छोट्या शार्कला, हाडंच नसतात, सगळी कूर्चा. पण तिची कातडी दातेरी कणांनी भरलेली असते आणि पात्याची धार बघता बघता उतरवते. म्हणून आधी गरम पाणी ओतून कातडी घासतात, मग सोलतात. मुशीच्या शरीरात युरिया असतो आणि मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो. तो झणझणीत वास आला की मुशी घेऊ नये.

घोळीची गोष्ट निराळीच. तिच्या पोटातली हवेची पिशवी, म्हणजे बोत, वाळवून पूर्व आशियात जाते आणि तिथे तिला सोन्यासारखा भाव मिळतो. ऑगस्ट 2021 मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना दीडशेवर घोळी मिळाल्या आणि लिलावात त्यांचे सव्वा कोटीहून जास्त रुपये आले, ते या बोतामुळे. बोताला टोक लागून भोक पडलं की भाव घसरतो. म्हणून पातं फक्त पोटाच्या कातडीपुरतं वापरायचं, पुढचं काम बोटांनी. जिथे सर्वात जास्त पैसा आहे तिथे हत्यार बाजूला ठेवलं जातं, हे मला या कसबाचं सर्वात मोठं शहाणपण वाटतं.

जपानमध्ये याच कामासाठी सुऱ्यांचं अख्खं कुटुंब आहे. डोकं तोडायला जाड पाठीची देबा, मोठा कुपा, म्हणजे ट्यूना, उभा चिरायला मीटरभराहून लांब पात्याची तलवारीसारखी सुरी. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात पातळ, लवचीक पात्याने मणक्याला घासत जाऊन बिनकाट्याची पट्टी काढतात. ती सुरी उत्तमच आहे. पण आपल्या कालवणाला मणक्यासकटचा तुकडा आणि डोकं लागतं, कारण रस्स्याला अंगचा दाटपणा तिथूनच येतो. म्हणून नुसती लवचीक सुरी आणून आपलं भागत नाही.

समुद्रापासून दूरच्या खाप्यासारख्या गावासाठी एक गोष्ट सुरीहूनही महत्त्वाची आहे. सुरमई, बांगडा, कुपा या कुळातल्या माशांत, ते 4 अंशांहून उबदार राहिले तर, जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं. त्याने अंगावर लाल चट्टे उठतात, डोकं दुखतं, उलट्या होतात. आणि हिस्टामिन शिजवून, तळून जात नाही. हे जिवाणू मुख्यतः कल्ल्यांत आणि आतड्यांत असतात. म्हणून वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात तरंगणारा मासा घेऊ नका, आणि घरी आणल्यावर वेळ न दवडता कल्ले व आतडी काढा.

घरी विळी नसेल तर दोन पाती पुरतात: सांधे तोडायला एक जड पातं आणि पोट व कातडीसाठी एक पातळ टोकदार सुरी. लोखंडी असतील तर धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवा, खारट पाण्याने गंज लगेच धरतो. दगडी ओट्यावर थेट कापू नका, धार तिथेच मरते; खाली लाकडी पाट घ्या. आणि बाजारात मासा कापून घेत असाल तर कापणारीला घाई करू नका, तिच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या आणि डोकं, मणका मागून घ्या.