विश्लेषण : टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि रक्ताचा डाग दिसला… दवाखाना कधी गाठायचा?

प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दोन रेषा उमटून आठवडाही झालेला नसतो आणि कपड्यावर लालसर किंवा तपकिरी डाग दिसतो. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, ‘उष्णता झाली असेल, पडून राहा.’ मोबाइलवर शोधले तर एक पान ‘हे अगदी नॉर्मल आहे’ असे सांगते आणि दुसरे थेट गर्भपातावर येते. यातले एकही उत्तर पुरेसे नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारपैकी एका गर्भवतीला थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक जणींचे गर्भारपण पुढे सुरळीत चालते. मात्र यातच एक धोका असा दडलेला असतो, जो डागाच्या रंगावरून किंवा आकारावरून ओळखता येत नाही.

डाग पडण्याची साधी कारणे कोणती?

फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजते तेव्हा, म्हणजे गर्भधारणेनंतर साधारण १० ते १४ दिवसांनी, काहींना एखाद-दोन दिवस हलका डाग दिसतो. पाळीची तारीखही नेमकी त्याच सुमारास असते. त्यामुळे अनेकींना ती कमी गेलेली पाळीच वाटते आणि पुढे आठवडे मोजताना घोळ होतो. गर्भारपणात गर्भाशयाच्या मुखाकडील रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून शरीरसंबंधानंतर किंवा आतून तपासणी केल्यावरही डाग पडू शकतो. कधी जंतुसंसर्ग असतो, कधी गर्भाच्या पिशवीशेजारी थोडे रक्त साठलेले असते. डाग म्हणजे पॅड भरणार नाही इतके रक्त. पॅड वापरावाच लागत असेल, तर त्याला रक्तस्राव म्हणायचे.

मग खरी भीती कशाची?

गर्भपात ही एक शक्यता आहेच. दुसरी, त्याहून कमी बोलली जाणारी शक्यता म्हणजे गर्भ गर्भाशयाऐवजी बाहेर, बहुतेक वेळा गर्भनलिकेत रुजणे. शंभरात एक-दोन गर्भधारणांत असे होते. टेस्टची पट्टी यात काहीच मदत करत नाही. ती लघवीतले हॉर्मोन ओळखते, गर्भ कुठे आहे हे तिला कळत नाही.

नलिका ताणली जाऊ शकते, पण थोडीच. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात त्रास जाणवू लागतो आणि नलिका फुटली तर रक्त बाहेर न येता पोटात साचते. बाहेर दिसतो तो फक्त तपकिरी डाग. म्हणूनच ‘थोडेच तर आहे’ हा दिलासा फसवा ठरू शकतो. ओटीपोटात एका बाजूला दुखणे, चक्कर, घाम, शौचाला जावेसे वाटत राहणे ही लक्षणे असतात. एक लक्षण तर हमखास दुर्लक्षिले जाते : खांद्याच्या टोकाला दुखणे. पोटातले रक्त श्वासपटलाला लागले की ती वेदना खांद्यात जाणवते आणि घरचे बाम चोळत बसतात.

पूर्वी असा गर्भ राहिलेला असणे, गर्भनलिकेची शस्त्रक्रिया किंवा जननमार्गाचा क्षयरोग झालेला असणे, तांबी बसवलेली असताना किंवा नसबंदीनंतर दिवस जाणे, अशा वेळी ही शक्यता वाढते. मेडिकलमधून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणण्याचा धोकाही इथेच आहे. त्या गोळ्यांनी नलिकेतला गर्भ पडत नाही, पण रक्तस्राव होतो आणि ‘काम झाले’ असा समज होतो.

लगेच निघायचे की सकाळपर्यंत थांबायचे?

पोटात तीव्र किंवा एकाच बाजूला दुखत असेल, खांदा दुखत असेल, भोवळ येत असेल, सलग दोन तास दर तासाला एक पॅड भिजत असेल किंवा रक्तस्रावासोबत ताप असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघावे. महाराष्ट्रात १०८ वर फोन केल्यास रुग्णवाहिका येते. दुचाकीवर मागे बसून जाऊ नये.

दुखणे नाही, फक्त डाग आहे आणि सोनोग्राफीत गर्भ गर्भाशयातच असल्याचे आधी दिसलेले आहे, अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारणे पुरेसे ठरते. सोनोग्राफी झालेलीच नसेल, तर मात्र डाग छोटा असला तरी एक-दोन दिवसांत तपासणी हवी.

दवाखान्यात काय होते?

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पाचव्या आठवड्याच्या आसपास गर्भाची पिशवी आणि सहाव्याच्या आसपास हृदयाचे ठोके दिसू लागतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे ती तारीख लक्षात ठेवून जावे. काहीच दिसले नाही, तर बीटा-एचसीजी ही रक्ततपासणी करतात. तिच्या एकाच आकड्यावरून सहसा निर्णय होत नाही. ४८ तासांनी ती पुन्हा करून आकडा कसा बदलला ते पाहतात. सोनोग्राफीपूर्वी ‘फॉर्म एफ’ भरून घेतात. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४च्या कायद्यानुसार तो सक्तीचा आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आवर्जून सांगावे. अँटी-डी इंजेक्शन द्यायचे ठरले, तर ते रक्तस्रावानंतर ७२ तासांच्या आत देतात.

झोपून राहिल्याने गर्भ टिकतो का?

तसा पुरावा नाही. प्रोजेस्टेरॉनबाबतही हेच सरसकट म्हणता येत नाही. ब्रिटनमधील चार हजारांहून अधिक स्त्रियांवरील ‘प्रिझम’ चाचणीत (२०१९) रक्तस्राव होणाऱ्या सर्वांना मिळून त्याचा ठोस फायदा दिसला नाही. आधी गर्भपात झालेल्या स्त्रियांत मात्र दिसला. त्यामुळे शेजारणीला दिलेली गोळी आपणही घ्यावी, याला अर्थ नाही.

लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो, आणि तो बहुधा गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो. तरीही सुनेने जिना चढला, पिकलेली पपई खाल्ली, ऑफिसला गेली, अशी यादी घरात निघतेच. त्या दिवसांत तिला ती ऐकवू नये, आणि तपासणीला तिच्यासोबत कुणीतरी जावे.