अकोटचा नंबर, परमुलखातली रेंज

अकोटहून उत्तरेला निघालं की पोपटखेडच्या पुढे सातपुडा लागतो. डोंगर चढता चढता मोबाइलची रेंज कमी होत जाते, मेळघाटात पुष्कळ ठिकाणी ती पुरती जाते, आणि पलीकडे बुऱ्हाणपूर-खंडव्याच्या बाजूला उतरलं की परत येते. मात्र परत आलेली रेंज वेगळ्या दप्तरातली असते. दूरसंचाराच्या नकाशात डोंगराच्या अलीकडे ‘महाराष्ट्र आणि गोवा’ हे सर्कल आहे, पलीकडे ‘मध्य प्रदेश आणि छत्तीसगड’. काही वर्षांपूर्वीपर्यंत अकोटचा माणूस खंडव्याला लग्नाला गेला की आलेल्या फोनचेही पैसे कटत. त्याच नकाशात पणजी घरची होती आणि मुंबई परकी, कारण मुंबईचं सर्कल स्वतंत्र. रोमिंग म्हणजे काय, हे अकोटकरांनी विमानात बसण्याआधीच सोयऱ्याधायऱ्यांकडे जाता-येता शिकून घेतलं होतं.

आता देशातलं रोमिंग नावापुरतं उरलं आहे. पण दरम्यान माणसंच फार लांब जाऊ लागली. कोणी हजला जातं, कोणाचा मुलगा जर्मनीत शिकतो, कोणाची आई मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत राहून येते. बॅगेत कुरड्या, सांडगे, तिखटाची पुडी, रक्तदाबाच्या गोळ्या असं सगळं आठवणीनं भरलं जातं. फोनचं काय करायचं, हा विचार मात्र विमानतळावर सुरू होतो. तो घरी बसून करावा, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट अशी, की रोमिंगमध्ये आपल्या कंपनीची रेंज परदेशात पोचत नसते. टॉवरचा पल्ला मुळातच छोटा असतो. जुन्या टूजीमध्ये तर टॉवरपासून ३५ किलोमीटरच्या पुढचा फोन, संदेश जायला-यायला लागणाऱ्या वेळेच्या हिशेबात बसत नाही म्हणून, सहसा पकडताच येत नसे. फ्रँकफर्टला उतरल्यावर तुमचा फोन तिथल्याच टॉवरशी बोलतो. तो टॉवर परक्या कंपनीचा, तिनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, तुमचं तिच्याकडे खातं नाही. तरी ती तुम्हाला काही सेकंदांत आत घेते. हे कसं घडतं, तो या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे.

सोयरीक जमवताना आपल्याकडे स्थळाच्या गावी माणूस पाठवून चौकशी करतात. परकी कंपनीही तेच करते. सिमकार्डात साठवलेला एक क्रमांक फोन तिला सांगतो. हा तुमचा दहा आकडी मोबाइल नंबर नव्हे, हा पंधरा आकड्यांचा वेगळा क्रमांक आहे. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५, जर्मनीचे २६२, सौदी अरेबियाचे ४२०. पुढचे आकडे कंपनी आणि सर्कलचे. बीएसएनएलच्या महाराष्ट्र सर्कलच्या कार्डात ४०४ नंतर ६६ येतात. एवढ्यावरून फ्रँकफर्टच्या यंत्रणेला कळतं, की पाहुणा भारतातल्या कोणत्या घरचा आहे, आणि ती समुद्रतळाच्या केबलमार्गे त्या घरी विचारणा धाडते.

घरी, म्हणजे तुमच्या कंपनीकडे, ग्राहकांची एक मोठी नोंदवही असते. तिला होम लोकेशन रजिस्टर म्हणत, फोरजीच्या काळात तिचं नाव बदललं, काम तेच राहिलं. हा ग्राहक आपलाच का, त्याला परदेशात सेवा दिलेली आहे का, हे तिथे बघितलं जातं. पण पाहुणा खरंच तोच आहे, हे कशावरून? सिमकार्डात १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडकिल्ली फक्त तुमच्या कंपनीच्या सुरक्षित संगणकात. ३४ वर ३७ शून्यं दिली तर जवळपास जी संख्या होते, तितक्या किल्ल्या शक्य आहेत, त्यांतली एक तुमची. घरची कंपनी फ्रँकफर्टला एक यादृच्छिक संख्या आणि तिचं अपेक्षित उत्तर पाठवते. ती संख्या फोनला दिली जाते, सिमकार्ड किल्ली वापरून उत्तर काढतं, दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. किल्ली स्वतः कधीच हवेत जात नाही आणि परक्या कंपनीलाही ती कधी कळत नाही. थ्रीजीपासून पुढे सिमकार्डही समोरच्या यंत्रणेची अशीच परीक्षा घेतं. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन संस्था, तिसऱ्याचं गुपित न फोडता, त्याची ओळख पटवून घेतात.

ही कल्पना युरोपातली. छोटे छोटे देश, प्रत्येकाची वेगळी मोबाइल पद्धत, सीमा ओलांडली की फोन निकामी. १९८२मध्ये तिथल्या टपाल-तार खात्यांनी एक समान पद्धत आखायला गट नेमला, १९८७मध्ये कोपनहेगनला १३ देशांच्या कंपन्यांनी करार केला, आणि १ जुलै १९९१ला फिनलंडमध्ये या समान पद्धतीवरचा, म्हणजे जीएसएमवरचा, पहिला फोन झाला. पुढच्याच वर्षी फिनलंड आणि ब्रिटनमधल्या कंपन्यांत पहिला रोमिंग करार झाला. आपल्याकडे पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५चा, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. त्याआधी परदेशी फोन म्हणजे बुकिंग करून वाट पाहणं. त्यातले कितीतरी फोन १९७१पासून आर्वीच्या उपग्रह केंद्रातून जात. वऱ्हाडातल्या वाचकांना आर्वी म्हटलं की वर्ध्याची आठवेल. ही आर्वी पुणे जिल्ह्यातली, जुन्नरच्या बाजूची.

आता पैशाकडे येऊ, कारण परदेशातल्या बिलाचा धसका खरा आहे. येणाऱ्या फोनचे पैसे का, असं लोक चिडून विचारतात. अकोटहून धाकट्या भावानं फोन लावला, त्याच्या दृष्टीनं तो साधा देशातला कॉल. मोठा भाऊ मक्केत आहे हे त्याच्या कंपनीला ठाऊक नसतं आणि त्याच्याकडून आंतरराष्ट्रीय दर घेणं न्याय्यही नाही. कॉल आधी मोठ्या भावाच्या घरच्या कंपनीकडे जातो, तिथली नोंदवही सांगते की हा सध्या सौदीच्या अमुक कंपनीकडे आहे, ती कंपनी तात्पुरता एक क्रमांक देते, आणि कॉल पुढे तिकडे ढकलला जातो. भारतापासून सौदीपर्यंतच्या त्या टप्प्याचं भाडं ज्याच्यासाठी तो टप्पा लागला त्याच्याकडून घेतात. भारतातही २००३पर्यंत येणाऱ्या मोबाइल कॉलला पैसे पडत, हे चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. मिनाच्या तंबूंत अकोटचेच दोन हाजी शंभर पावलांवर उतरले आहेत, दोघांकडेही भारतातलं सिम. एकानं दुसऱ्याचा नंबर फिरवला की कॉल सौदीहून भारतात येतो आणि भारतातून परत सौदीत जातो. दोघांनाही बिल लागतं, एकाला परदेशातून भारतात फोन केल्याचं, दुसऱ्याला रोमिंगमध्ये फोन आल्याचं. गर्दीत चुकलेल्या माणसाला शोधताना असे दहा-वीस फोन सहज होतात. म्हणून गटानं जाणाऱ्यांनी, मग ते हजचे असोत की दुबई-सिंगापूरच्या सहलीचे, निदान दोन-तीन जणांकडे तिथलं स्थानिक सिम ठेवावं. सौदीत ते घेताना बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्यामुळे पासपोर्ट असलेला माणूस स्वतः दुकानात हवा.

इंटरनेटचंही असंच आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. भारतातल्या सिमचा डेटा रोमिंगमध्ये वापरला की बहुतेक वेळा तो आधी भारतात येतो आणि इथून जगात जातो. बर्लिनमधल्या मुलानं बर्लिनच्याच बससेवेचं वेळापत्रक उघडलं तरी त्याची मागणी भारताचा फेरा मारून येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. भारत ते युरोप हा केबलचा मार्ग हजारो किलोमीटरचा, जाऊन-येऊन शंभरएक मिलिसेकंदांचा उशीर केवळ अंतराचा. नेट सुरू आहे पण अडखळतं, व्हिडिओ कॉलवर बोलणं मागेपुढे होतं, त्याचं एक कारण हे. याचाच दुसरा परिणाम चीनमध्ये दिसतो. तिथे गुगल बंद आहे, पण भारतातलं सिम रोमिंगवर असलं तर ते उघडतं, कारण तुमचा डेटा तिथल्या चाळणीबाहेर, घरच्या दारातून जगात जातो.

काही फोन मात्र तिथे अजिबात लागत नाहीत, आणि त्यात सिमचा दोष नसतो. प्रत्येक देशात मोबाइलसाठी लहरींचे पट्टे वेगळे वाटलेले असतात. स्वस्त फोनमध्ये कधी कधी फक्त इथले पट्टे पकडायची सोय असते. त्यात अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांनी २०२२मध्ये थ्रीजी बंद केलं. फोरजीवरून आवाजाचा कॉल करण्याची सोय नसलेला किंवा तिथल्या कंपनीनं न मानलेला जुना फोन अशा ठिकाणी नुसता घड्याळ होऊन बसतो. आईला आपला जुना फोन देऊन अमेरिकेला पाठवणाऱ्या मुलांनी हे आधी बघावं. आणखी एक: उतरल्यावर फोनला पट्ट्यामागून पट्टा चाळत टॉवर शोधावा लागतो, शिवाय कोणत्या कंपनीला आधी विचारायचं याची यादी सिमवर असते. त्यात एखाद-दोन मिनिटं जातात. मेळघाटात बॅटरी झपाट्यानं उतरते तीही याच सततच्या शोधापायी.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे त्या मुद्द्याकडे येतो. पूर्वी परदेशी जाणाऱ्याला फोन हवा असायचा बोलण्यासाठी. आज बोलणं वायफायवर फुकट होतं. आज नंबर हवा असतो तो ओटीपीसाठी. पेन्शनचं खातं, मुदत ठेव, आधार, आयकर, विजेचं बिल, सगळ्याची वाट त्या एका नंबरातून जाते. अकोटच्या बँकेत नोंदवलेला नंबर शिकागोत बंद पडला, तर माणूस आपल्याच पैशांपासून तोडला जातो. आणि ९० दिवस नंबर अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला दिला जातो, मग तुमच्या बँकेचे संदेश त्याच्या हातात पडू लागतात. सहा महिन्यांच्या मुक्कामाला निघालेल्या आई-बाबांनी स्वस्तातल्या डेटापेक्षा याचा घोर आधी करावा.

दिलासा असा, की एसएमएसला इंटरनेटचा पॅक लागत नाही. फोनची टॉवरकडे नोंद झाली, की घरच्या कंपनीचं संदेश-केंद्र त्याच नियंत्रणाच्या वाटेनं तो पोचवतं. म्हणजे डेटा रोमिंग बंद ठेवून भारतातलं सिम नुसतं जिवंत ठेवलं, तरी ओटीपी येऊ शकतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेणं, त्या देशात येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का ते विचारणं, एवढं मात्र इथेच उरकावं. डेटासाठी फोनमध्येच बसवलेलं ई-सिम चालतं. क्यूआर कोड स्कॅन केला की दुसऱ्या कंपनीची ओळख आणि किल्ली फोनमधल्या सुरक्षित चिपमध्ये उतरते, आणि अकोटचं कार्ड आपल्या जागी राहतं.

ही संदेशाची वाट अभेद्य नाही, हेही सांगितलं पाहिजे. कंपन्यांमधली विचारणा ज्या जुन्या पद्धतीनं चालते, ती परस्परांवरच्या विश्वासानं बांधलेली आहे. जानेवारी २०१७मध्ये जर्मनीत चोरट्यांनी नेमका हाच विश्वास वापरला. बँकेचे पासवर्ड आधीच चोरलेल्या ग्राहकांबद्दल त्यांनी एका परदेशी नेटवर्कमधून खोटी नोंद पाठवली, की हा ग्राहक आता आमच्याकडे रोमिंगवर आहे. घरच्या कंपनीनं ते मानलं, ओटीपी चोरट्यांकडे गेले, खाती रिकामी झाली. तिथल्या ओटू-टेलिफोनिका कंपनीनं पुढे हे जाहीरपणे मान्य केलं. माणसाची सगळी जमापुंजी एका एसएमएसवर टांगून ठेवणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं, आणि परदेशी असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर दुप्पट चुकीचं, कारण त्याला शाखेत जाऊन तक्रारही करता येत नाही.

यात सरकारांना करता येण्यासारखं पुष्कळ आहे. युरोपीय संघानं १५ जून २०१७पासून आपल्या सदस्य देशांतलं रोमिंगचं जादा बिल रद्द केलं आणि पुढे तो नियम २०३२पर्यंत वाढवला. आखातात लाखो भारतीय राबतात, दर वर्षी लाखाहून अधिक हाजी जातात. त्या देशांशी भारतानं असा करार मागायला हवा. बँकांच्या बाजूनं हालचाल दिसते. २०२३मध्ये अमेरिका, ब्रिटन, सौदी, अमिरात, सिंगापूर अशा दहा देशांतले मोबाइल नंबर अनिवासी भारतीयांच्या खात्यांना जोडून यूपीआय वापरायला परवानगी मिळाली. पण ती अनिवासींना. चार-सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे गेलेली आई त्यात बसत नाही, तिच्यासाठी अकोटचा नंबरच कामाचा. त्याची मुदत संपत आली, तर रिचार्ज इथूनही मारता येतो. तारीख तेवढी अकोटात मागे राहिलेल्या कोणीतरी लिहून ठेवायला हवी.