नारद कुणाच्या हातात?

राज्य हौशी नाट्य स्पर्धा जवळ आली, की अमरावती-अकोल्याच्या तालमींत कुणाला तरी नारद आभाळातून उतरवायची हुक्की येते. हौस जुनीच, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाटकांतही देव क्रेनसारख्या यंत्राने उतरत. आपली सामग्री म्हणजे मंडपवाल्याचा दोर, एक गडगडी आणि चार धट्टीकट्टी पोरे. दोर जाड दिसला, की सगळे निश्चिंत!

दोराचे सोडा, वरचा आकडा बघा. ६० किलोचा नट एका टोकाला, दुसरे टोक पोरांच्या हातात. तर आकड्यावर ६० नव्हे, १२० किलो येतात. नटाचे वजन आणि तेवढीच पोरांची ओढ. हिसका बसला, तर भार कितीतरी पट. त्यात गाठीमुळे दोराची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. म्हणून माणूस टांगताना सगळ्याची ताकद भाराच्या दहापट तरी धरतात, आणि दुसरा दोर वेगळ्या तुळईला बांधतात. बँकेत आम्ही जामीनदार मागायचो, तोही कर्जदाराच्या खिशातला नको असे, तसेच हे.

अमरावतीला १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला देशी खेळ दाखवले. दोरीवरचे धाडस या गावाला नवे नाही. पण मल्लखांबवाला दोर स्वतः धरतो. नारदाचा जीव दुसऱ्यांच्या मुठीत असतो. जाणकार माणूस आणि अंगाचा पक्का पट्टा मिळत नसेल, तर नारद विंगेतून चालत आला तरी भागते. वीणा तेवढी सुरात असावी.